कोंबीची समोरची काच आणि कोकणातला पाऊस: हीटर-डिमिस्टरच्या कामानंतरचा अनुभव

कोकणात गाडीला हीटर कशाला हवा, हे मला पेट्रोलपंपापासून घरच्या ओसरीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे. हीटर मला हवा होता तो काचेसाठी, डिमिस्टर म्हणून, म्हणजे काचेवरची वाफ घालवायला. पावसाळ्यात संध्याकाळी चौघं ओल्या कपड्यांनी गाडीत बसली की पाच मिनिटांत समोरची काच आतून दुधाळ होते. एसीच्या गाडीत बटण दाबून भागतं. माझ्या कोंबीत एसी नाही आणि इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा हीटरही नाही. अशा जुन्या गाड्या आपल्याकडे हौसेने जपणारे आहेत, पण किनारपट्टीवर त्या वापरायच्या कशा यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी फोक्सवॅगन टाइप २, म्हणजेच कोंबी व्हॅन, सत्तरच्या दशकातली, मागे १६०० सीसीचं एअर-कूल्ड (पाण्याऐवजी वाऱ्याने थंड होणारं) इंजिन, आत झोपायची फळी आणि छोटा ओटा. राहायला कुडाळला, आणि वर्षभर आंबोली घाटाने बेळगावकडे जाणं-येणं असतं. गेल्या मे महिन्यात काम केलं. त्यानंतर अख्खा पावसाळा आणि थंडी गाडी चालवली आहे.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच घेतले. बेल्टवर फिरणारा इंजिनचा कूलिंग फॅन सिलिंडरांवर वारा मारतो. त्यातला थोडा वारा दोन होजमधून (लवचिक नळ्यांमधून) खाली उतरतो आणि एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या पत्र्याच्या पेट्यांमध्ये जातो. या पेट्या म्हणजे हीट एक्सचेंजर. तिथे तापलेली हवा गाडीच्या पोटाखालच्या लांबलचक नळीतून पार पुढे येते आणि वाटणी होऊन काही पायांपाशी, काही काचेखालच्या फटींतून बाहेर पडते. डॅशवरची लाल दांडी ओढली की केबल ताणली जाऊन मागचे फ्लॅप, म्हणजे गरम हवेच्या झडपा, उघडतात. वाऱ्याचा जोर इंजिनच्या फेऱ्यांवर आणि उष्णता इंजिनवरच्या भारावर, असा सगळा हिशेब.

घाटात हे अगदी स्वच्छ कळतं. आंबोली चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत असते, तेव्हा काचेपाशी हात धरवत नाही इतकी हवा गरम. उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय निघतो, फॅन फिरतोच पण एक्झॉस्ट थंडावतो, आणि कोमट वाराच येतो. सर्वांत वाईट अवस्था आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना. धबधब्यापाशी रविवारच्या गर्दीत गाड्यांची रांग लागली की ना जोर, ना उष्णता. नेमकी तेव्हाच काच वाफ धरते.

म्हणून हवा ढकलायला वेगळा विजेचा पंखा लावायचं डोक्यात घेऊनच मी गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथल्या काकांनी पुढचा रबरी मॅट उचलला, खालचा पत्रा बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाले, "पाणी खंयसून येता ता आदी बघूया, पंखो मगे लावया." या अख्ख्या कामातला सर्वांत मोलाचा सल्ला हाच. समोरच्या काचेचं रबर कोपऱ्यात कडक होऊन चिरलं होतं. काचेखाली पुढच्या बाजूला ताजी हवा घेणारी जी जाळी असते, तिच्या मागच्या पेटीतून पाणी निघून जायची वाट कुजलेल्या पानांनी बुजली होती. ते पाणी मॅटखाली साचत होतं, गाडी चालू झाली की त्याचीच वाफ होऊन काचेवर चढत होती. रबर बदललं, वाट मोकळी केली, काथ्याचं पायपुसणं कायमचं बाहेर काढलं. एवढ्यानेच निम्मा त्रास गेला, आणि तोही हीटरला हात न लावता.

मग गळती. आपल्याकडची खारी हवा पातळ पत्र्याला सोडत नाही. पोटाखालच्या नळीला सांध्यांपाशी भोकं पडली होती, इंजिनपासून एक्सचेंजरकडे जाणारे होज हातात तुकडे होऊन आले, फ्लॅपच्या केबलच्या पिना गंजून जाम. म्हणजे मुळात थोडीच असलेली गरम हवा रस्त्यावर सांडत होती. नळीचा खराब भाग कापून नवा जोडला, होज आणि क्लॅम्प नवे घातले, केबलींना ग्रीस भरलं. नळीला वेष्टन म्हणून ग्लासवूल लावू नका. ते पाणी धरून ठेवतं आणि आतून पत्रा खातं. एसीच्या पाइपांना लावतात तो काळा नायट्रिल फोम मी वापरला, वरून ॲल्युमिनियमची टेप. पाणी शोषत नाही, आणि पावसाळ्यानंतर एका जागी टेप सोडवून पाहिलं तर खालचा पत्रा कोरडा होता. एक्सचेंजरला लागून असलेला तुकडा मात्र उघडाच ठेवला, तिथली उष्णता फोमला सोसवणारी नाही.

एक्सचेंजर तपासणं ही या कामातली सर्वांत गंभीर बाब. आतली एक्झॉस्टची नळी सडली तर गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. त्याला रंग नाही, वास नाही. वास येतो तो बहुतेक वेळा तेलाचा, इंजिनच्या टपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा पुशरॉडच्या नळ्यांच्या सीलमधून एक्सचेंजरवर ठिबकणाऱ्या तेलाचा. तोही बंद करायचाच, पण वास नाही म्हणजे हवा शुद्ध, असं धरून चालू नका. माझा डावा एक्सचेंजर शिवणीवर संपलेला निघाला, तो बदलला. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कायमचा बसवला आहे. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही, हा आमच्या घरात सर्वांना पाठ असलेला नियम.

एवढं झाल्यावर पंखे. बोटीच्या तळातली हवा उपसायला वापरतात ते बारा व्होल्टचे, तीन इंची बिल्ज ब्लोअर घेतले, दोन बाजूंना दोन. हेच का, तर पेट्रोलची वाफ असलेल्या जागेत ठिणगी पडू नये अशी त्यांची बांधणी असते, आणि इंजिनच्या खोलीत तेच हवं. दुसऱ्या कशाचा काढलेला पंखा तिथे बसवू नये. जागासुद्धा विचार करून ठरवली: फॅनचं घर आणि एक्सचेंजर यांच्या मध्ये, म्हणजे थंड बाजूला. एक्सचेंजरच्या पुढे लावला तर प्लास्टिक तापतं, आणि मोठा धोका हा की एक्सचेंजरला कुठे बारीक भोक असलंच तर पंखा एक्झॉस्टचा धूर खेचून केबिनमध्ये ढकलेल. होज जोडायला पत्र्याचे रिड्यूसर (वेगवेगळ्या मापांच्या नळ्या जोडणारे तुकडे) स्थानिक पत्रेवाल्याकडून करून घेतले. पंख्यांच्या वायरिंगला रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज हवाच. पंखे बंद असले तरी इंजिनचा वारा त्यांच्या पात्यांतून जातो, त्यामुळे एक्सचेंजर वाऱ्यावाचून राहत नाहीत.

आता प्रत्यक्ष फरक. २४ अंशांची पूर्ण दमट हवा ३५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर येते. कोकणच्या पावसाळी हवेतही काच सुकते ती यामुळेच, आणि त्यासाठी हवा फार कढत लागत नाही, सतत वाहती लागते. ब्लोअर लावल्यापासून रांगेत उभं असतानाही चालकासमोरची काच स्वच्छ राहते. जुलैत दाट धुक्यात आंबोलीजवळ चौकुळच्या फाट्यापाशी थांबलो होतो, इंजिन आयडलवर. मी मुद्दाम काचेवर तोंडाची वाफ सोडली. खालच्या फटीपासून तो डाग वर वर आक्रसत गेला आणि काचेच्या मध्यापर्यंत पाहता पाहता नाहीसा झाला. पूर्वी ते काम फडक्याने करत होतो.

पायांकडची झडप मात्र पूर्ण बंद ठेवावी लागते, नाहीतर हवा तिकडेच जाते. आणि आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट लागते. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा बोटभर तिरक्या ठेवल्या की फरक लगेच दिसतो. पावसात गाडी घट्ट बंद करून बसायची सवय सोडायला घरच्यांना थोडे दिवस लागले.

एक गंमत घाट उतरताना दिसते. वर काच गार झालेली असते, खाली सावंतवाडीच्या दमट उबेत शिरलो की वाफ बाहेरून धरते. आतून कितीही पुसा, जात नाही. वायपरचा एक फेरा मारायचा आणि हीटर चालू ठेवून काच ऊबदार करायची. काच आतून-बाहेरून आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुणंही गरजेचं आहे. समुद्रालगत काचेवर मिठाचा पातळ थर बसतो, मीठ ओलावा धरतं आणि अशी काच लवकर धुरकटते. बाहेरून तंबाखू चोळायची जुनी ड्रायव्हर मंडळींची युक्तीही करून पाहिली, पाणी थेंब थेंब न राहता पसरून वाहतं हे खरं. आतल्या वाफेवर तिचा उपयोग नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. डावीकडचा वरचा कोपरा उशिराच सुटतो. बाजूच्या आणि मागच्या काचांना हवा जातच नाही, तिथे फडकंच. ब्लोअरचा आवाज आहे, आयडलला चांगलाच जाणवतो. मे महिन्यात फ्लॅप पूर्ण मिटले नाहीत तर पायांवर झळ येते, म्हणून उन्हाळ्याआधी केबल पुन्हा जुळवावी लागते. सर्वांत मोठी अडचण विजेची. दोन्ही ब्लोअर मिळून सहा-सात अँपिअर ओढतात, हेडलाइटचे दहा, वर वायपर. वीज तयार करणारा जुना डायनॅमो आयडलला जवळपास काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. डिझेलवर चालणारा स्वतंत्र हीटर बसवा असं मला अनेकांनी सुचवलं. आपल्या हवामानात तो पैसा मी खर्च करणार नाही. तेच पैसे डायनॅमोच्या जागी बसणाऱ्या, आयडललाही वीज देणाऱ्या अल्टरनेटरसाठी बाजूला ठेवले आहेत, आणि मृग लागायच्या आत तो बसवून घेणार आहे.