स्विफ्टला १६ इंची अलॉय टाकल्यापासून लागलेली थरथर अखेर मोशीच्या या टायरवाल्या काकांकडे येऊन थांबली

माझी स्विफ्ट २०१९ची व्हीएक्सआय, म्हणजे कंपनीची १४ इंची लोखंडी चाकं. दिवाळीत हौसेने १६ इंची अलॉय आणि १९५/५५चे टायर टाकले. रिम मोठी असली तरी टायरची एकूण उंची जुन्याइतकीच, ६२ सेंटिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे मीटर चुकत नाही आणि टायर कुठे घासतही नाही. गाडी दिसायलाही झकास. पण पहिल्याच खेपेला संगमनेरला निघालो, राजगुरुनगर सोडलं, काटा ८०च्या पुढे गेला आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. ९०ला सगळ्यात जास्त, त्यापुढे जरा कमी. शेजारी बसलेले वडील म्हणाले, "गाडीला हिवताप आलाय का रे?" घरी पोचेपर्यंत तळहातांना मुंग्या आल्या होत्या.

अलॉय जिथून घेतले तिथे तीनदा गेलो. दोनदा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) झालं, एकदा अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं). दरवेळी मशीनवर दोन्हीकडे शून्य, दरवेळी रिमला आतून नवी वजनं चिकटवलेली, आणि हायवेला लागलं की पुन्हा तेच. शेवटी "मोठ्या चाकांना एवढं चालायचंच" असं सांगून वाटेला लावलं. हे मला आजही पटलेलं नाही. १६ इंची टायर कंपनीतूनच बसवलेल्या कितीतरी गाड्या रस्त्यावर आहेत, त्या काही थरथरत नाहीत.

मित्राच्या सांगण्यावरून इथे आलो. दुकान म्हणजे दोन गाळे आणि पुढे पत्र्याची शेड. काकांनी आधी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "ब्रेक मारल्यावर वाढतं का?" नाही म्हटलं. "मग डिस्क ठीक आहे. सीटला जाणवतं का नुसतं स्टेअरिंगला?" नुसतं स्टेअरिंगला. "मग पुढची चाकं बघू." गाडी ओढते का, हेही विचारलं. ती सरळच जात होती, म्हणून "अलाइनमेंटचे पैसे कशाला घालवता" म्हणून तो विषयच बंद केला. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला जाते, टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला येणाऱ्या थरथरीशी तिचा सहसा संबंध नसतो, हे मला तिसऱ्या बिलानंतर कळलं.

मग पुढचं डावं चाक खोलून त्यांनी मला खाली बसवलं. चाक ज्यावर बसतं त्या हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो. स्विफ्टला तो ५४ मिलिमीटरचा. कंपनीच्या रिमचं मधलं भोक नेमकं तेवढंच असतं, त्यामुळे चाक आपोआप मधोमध बसतं, नट ते फक्त आवळून धरतात. माझ्या अलॉयचं भोक ७३ मिलिमीटरचं निघालं, कारण असे अलॉय बऱ्याच गाड्यांना चालावेत म्हणून मोठ्या भोकाचे करतात. काकांनी रिम हबवर धरली आणि म्हणाले, "करंगळी घाला." टोक आरामात आत गेलं. म्हणजे चाक मधोमध धरायला चार नटांपलीकडे काहीच नव्हतं, आणि ते नट पहिल्या दुकानात गाडी जमिनीवर टेकलेली असताना नट आवळायच्या गनने ठोकून बसवले होते. मशीनवर शून्य का यायचं, तेही इथेच उलगडलं. मशीनचा निमुळता शंकू त्या ७३च्या भोकात मधोमध बसतो, तिथे चाक अगदी बरोबर फिरतं. गाडीवर चढवलं की मध्य हलतो, आणि ८०च्या वेगाला ते सेकंदाला ११ वेळा झटका देतं.

उपाय म्हणजे ही फट भरणाऱ्या चार रिंगा, बाहेरून ७३.१, आतून ५४.१. काकांकडे तयार प्लास्टिकच्या होत्या, पण ब्रेकच्या उष्णतेने त्या तडकतात म्हणून त्यांनीच नको म्हटलं आणि भोसरीतल्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या करून आणल्या. बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासला, रिंगेला आतून ग्रीसचा नुसता हात लावला, नाहीतर पावसाळ्यात ती हबला धरून बसते. गाडी जॅकवर असतानाच नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले आणि खाली उतरवल्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरच लावणाऱ्या पान्याने, शेवटचा आवळा दिला. पुढची उजवी रिम काठाला किंचित वाकलेली होती, ती मागच्या बाजूला बसवली. त्यानंतर कुठे बॅलन्सिंग.

खर्च: रिंगांचे १,४००, बॅलन्सिंग ४००. दोन खेपा घालाव्या लागल्या, कारण पहिल्या दिवशी एक रिंग घट्ट झाली आणि परत लेथवर गेली. बसायला धड जागा नाही, बिल मागून घ्यावं लागतं. तरी माझ्याकडून पाच तारे. मागच्या रविवारी मंचर ते आळेफाटा ९०ने गेलो, एका हाताने स्टेअरिंग हलकं धरून बघितलं, काही नाही. वडील नारायणगावच्या आधीच झोपले होते.

काकांनी बजावून सांगितलेल्या दोन गोष्टी तुम्हीही विचारून घ्या. १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायचे. आणि स्टेपनी जुनी लोखंडी असेल तर पंक्चरच्या वेळी रिंग हबवर राहिली नाही ना, हे आधी बघायचं. ती राहिली तर स्टेपनी हबला टेकणारच नाही. ती काढायला मी डिकीत एक जुना स्क्रू ड्रायव्हर ठेवलाय.

सोमवारी बंद असतं. शनिवारी जायचं तर सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर गाड्या रस्त्यापर्यंत लागतात.