ब्लॉकची रिटेनिंग वॉल: एक्सेल, कंपनीचं फुकटचं सॉफ्टवेअर की विकतचं?

मागच्या महिन्यात अंबाजोगाईहून एका तरुण इंजिनिअरचा फोन आला. "सर, तीन मीटरची सेगमेंटल वॉल आहे, माती अडवायला, मागे जिओग्रिड. ब्लॉक कंपनीचं सॉफ्टवेअर फुकट मिळायलंय. तेवढ्यावर भागेल का पैसे घालू?" फोनवर "भागेल" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण अंबाजोगाई बालाघाटच्या कडेवर बसलेलं गाव आहे, प्लॉट उताराचा, खाली नाला आणि वरच्या बाजूला काळी. म्हटलं, दोन दिवस दे.

सेगमेंटल वॉल म्हणजे सिमेंटचा माल न लावता कोरडे रचलेले काँक्रीटचे ब्लॉक. प्रत्येक थर थोडा मागे सरकवत रचायचा, म्हणजे भिंतीला आपोआप मागे कल येतो. उंची वाढली की दर दोन-तीन थरांनी जिओग्रिड, म्हणजे प्लॅस्टिकची मजबूत जाळी, भरावात आडवी पसरायची. मग ब्लॉक, ग्रिड आणि मुरूम मिळून एकच जाड ठोकळा होतो आणि मागच्या मातीचा रेटा तो ठोकळा घेतो. डबराच्या भिंतीपेक्षा पाया उथळ आणि काम लवकर उरकतं, म्हणून आपल्याकडेही याची विचारणा वाढलीय.

डिझाइनसाठी समोर तीन वाटा असतात. एक, स्वतःची एक्सेल शीट. दोन, ब्लॉकवाल्यांच्या जगातली सॉफ्टवेअरं: अ‍ॅलन ब्लॉकचं एबी वॉल्स, किंवा अमेरिकेतल्या एनसीएमए या काँक्रीट ब्लॉक उत्पादकांच्या संघटनेचं एसआरवॉल (२०२२ मध्ये ही संघटना पेव्हर ब्लॉकवाल्यांच्या संघटनेत मिसळली आणि नाव सीएमएचए झालं). तीन, पैसे मोजून घ्यायची सर्वसाधारण जिओटेक्निकल सॉफ्टवेअरं: प्रागच्या फाइन कंपनीचं जिओ५, अमेरिकेतल्या अडामाचं एमएसईडब्ल्यू. चौथी वाट प्लॅक्सिसची, म्हणजे मातीचे बारीक तुकडे पाडून हिशोब करणाऱ्या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरची. तिच्याबद्दल एवढंच, की तीन मीटरच्या भिंतीला ते लावणं म्हणजे चिमणीला तोफ. त्यात मुरमाचा कडकपणाही आकड्यात भरावा लागतो आणि तो आपल्याकडे कुणी मोजत नाही.

एकच भिंत, दोन पद्धती

आधी एक्सेल उघडलं. उंची ३ मीटर, भरावाच्या मुरमाचा फाय (कणांमधल्या घर्षणाचा कोन) ३० अंश, वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, वर पार्किंगचा भार चौरस मीटरला १० किलोन्यूटन, पायाखालच्या मातीचा फाय २८, भिंतीचा कल ७ अंश.

मातीचा रेटा काढायच्या, कॉलेजात शिकवलेल्या रँकिनच्या पद्धतीने रेट्याचा गुणांक ०.३३ येतो. भिंतीच्या दर मीटर लांबीला मातीचा रेटा २७ किलोन्यूटन, पार्किंगचा १०, एकूण ३७. ग्रिडची लांबी १.८ मीटर धरली तर ठोकळ्याचं वजन ९७ किलोन्यूटन, पायाशी घर्षण ५२ च्या आसपास. घसरण्याविरुद्धचा फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे घर्षण भागिले रेटा, १.४. पाहिजे १.५, म्हणजे नापास.

तीच भिंत कुलोमच्या पद्धतीने केली. कुलोम भिंतीचा कल आणि मातीचं ठोकळ्याच्या पाठीशी होणारं घर्षण दोन्ही हिशोबात घेतो, म्हणून गुणांक उतरून ०.२५ वर येतो. आडवा रेटा एकूण २७, फॅक्टर १.९. पास, तेही वरच्या श्रेणीत.

भिंत तीच आणि मुरूमही तोच. एनसीएमएची पद्धत कुलोमवर चालते, म्हणून एसआरवॉल आणि एबी वॉल्स या वळणाची उत्तरं देतात. अमेरिकन रस्तेखात्याची पद्धत जवळजवळ उभ्या भिंतीला रँकिनच वापरते. एमएसईडब्ल्यू मुळात त्याच खात्यासाठी तयार झालेलं, आणि त्यात दोन्ही पद्धती निवडता येतात. ग्रिडच्या किमान लांबीचंही तसंच: एनसीएमए उंचीच्या ०.६ पट म्हणते, म्हणजे आपल्या भिंतीला १.८ मीटर, रस्तेखातं ०.७ पट, म्हणजे २.१. रँकिनमध्ये २.१ मीटर टाकून बघितलं, फॅक्टर १.६ आला. तीस सेंटीमीटर ग्रिडचा खर्च एका बाजूला आणि रात्रीची झोप दुसऱ्या बाजूला. मी २.१ च घेतो.

म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर चुकीचं आहे असं नाही. त्याचा कुलोम शास्त्राला धरून आहे आणि चांगल्या दाबलेल्या, कोरड्या राहणाऱ्या भरावाला तो लागूही पडतो. पण स्क्रीनवर हिरवी टिक आली की आपण कुठल्या पद्धतीच्या जोरावर पास झालो, हे बघायची सवय फार थोड्यांना आहे. एक्सेलचा खरा फायदा इथेच. सूत्र स्वतः लिहिलेलं असतं, त्यामुळे कुठला आकडा भिंत वाचवतोय ते डोळ्यांना दिसतं.

मुरूम कुठला चालेल

मराठवाड्यात सगळं गाडं इथे अडतं. ग्रिडच्या भागात काळी माती भरायची नाही, हे गवंड्यालाही माहीत असतं. प्रश्न मुरमाचा आहे. एनसीएमएच्या नियमात ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली जाणारा बारीक भाग ३५ टक्क्यांपर्यंत चालतो. रस्तेखात्याचा नियम १५ टक्के, आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातीचा चिकटपणा सांगणारा आकडा) ६ च्या आत. आपल्या खदानीचा मुरूम बऱ्याचदा या दोन नियमांच्या मधोमध लोंबकळतो. वरचा लालसर, मातकट थर एकात बसतो आणि दुसऱ्यात साफ नापास होतो.

ब्लॉकवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावाचा फाय आधीच भरलेला सापडतो किंवा यादीतून निवडता येतो. तिथेच पाय घसरतो. माझाही घसरलाय. काही वर्षांपूर्वी एका कामात ठेकेदार म्हणाला, "सायेब, मुरूम एक नंबर हाय," आणि मी ३४ टाकून मोकळा झालो. नंतर डायरेक्ट शिअरचा, म्हणजे फाय मोजणाऱ्या लॅब चाचणीचा रिपोर्ट आला, २९. तोवर दोन थर बसले होते. नशीब की भिंत दीड मीटरचीच होती. दोन थर उचकटले, ग्रिड लांब केली आणि ठेकेदाराची बोलणी खाल्ली.

तेव्हापासून कुठल्याही सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी मुरमाचं पोतं लॅबला जातं. डायरेक्ट शिअर आयएस २७२० च्या भाग १३ प्रमाणे, आणि पायाखाली काळी असेल तर ती किती फुगते ते सांगणारा फ्री स्वेल इंडेक्स भाग ४० प्रमाणे. या दोन रिपोर्टांचा खर्च कुठल्याही लायसन्सच्या पासंगालाही पुरत नाही.

पायाखालची काळी

अंबाजोगाईच्या त्या जागेवर काळी दीड मीटरपेक्षा जास्त खोल निघाली. जेसीबीवाला म्हणाला, "कशाला इतकं खोदायलाव सायेब, वर गिट्टी टाका की." गिट्टीचा १५ सेंटीमीटरचा पॅड या भिंतींखाली असतोच, पण पॅडखाली काळी ठेवली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि ब्लॉकच्या रांगा लाटेसारख्या वरखाली होतात. सिमेंटचा माल नसल्यामुळे सांधा आधी तडकून सूचना देतोय असंही होत नाही. हार्ड मुरूम लागेपर्यंत खोदायचं. तो फार खोल असेल तर काळी काढून चांगल्या मुरमाने थराथराने, पाणी मारून, दाबून भरायचं.

हा भाग सॉफ्टवेअर निवडताना फार महत्त्वाचा ठरतो. एनसीएमएच्या पद्धतीत आयसीएस (इंटर्नल कंपाउंड स्टॅबिलिटी) नावाची एक चांगली तपासणी आहे. भिंतीमागे उंचीच्या दुपटीइतक्या, किंवा उंची अधिक ग्रिडची लांबी एवढ्या, यातल्या मोठ्या पट्ट्यात सुरू होणारी घसरणीची वर्तुळं ती तपासते. पण ही वर्तुळं ब्लॉकच्या तोंडातून बाहेर पडणारी. भिंतीच्या पायाखालून, काळीतून सरकत नाल्याकडे निघणारं वर्तुळ त्यात येत नाही. त्याला ग्लोबल स्टॅबिलिटी म्हणतात आणि ते काम एनसीएमए जिओटेक्निकल इंजिनिअरवर सोपवते. उताराच्या जागेवर भिंत सगळ्यात जास्त तिथूनच जाऊ शकते.

जिओ५ मध्ये उताराच्या स्थिरतेचा वेगळा मोड्यूल आहे. भिंतीचं मॉडेल तिथे नेता येतं, मातीचे थर वेगवेगळे देता येतात आणि पाण्याची पातळीही काढता येते. एक्सेलमध्ये बिशपच्या पद्धतीने घसरणीचं एक वर्तुळ कसंबसं बसवता येतं. शेकडो वर्तुळं फिरवून सगळ्यात वाईट शोधणं माणसाचं काम नाही. एका वर्तुळासाठी मी एकदा पूर्ण रविवार घालवलाय आणि सोमवारी त्यात चिन्हाची चूक सापडली.

पाणी

एनसीएमएची पद्धत भरावातून निचरा होतोय असं धरून चालते. न झाला तर? तीन मीटर पाणी साठलं तर नुसत्या पाण्याचा रेटा मीटरला ४४ किलोन्यूटन. मगाशी रँकिनने मुरमाचा अख्खा रेटा २७ होता. वर मुरूम पाण्यात हलका होतो, म्हणून खालचं घर्षणही घटतं. पास झालेली भिंत एका रात्रीत नापास होते.

आपल्याकडे हे कसं होतं ते मे महिन्यात बघा. वरच्या बाजूच्या काळीला मनगट जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. पहिला दणक्याचा पाऊस आला की पाणी पृष्ठभागावरून न वाहता भेगांतून थेट भरावाच्या पाठीशी उतरतं. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूरकडे कोसळला तसा पाऊस आला की भरावाला श्वास घ्यायलाही उसंत नसते. जिओ५ मध्ये पाण्याची पातळी निदान देता तरी येते, "समजा निचरा तुंबला" म्हणून भिंत तपासता येते. ब्लॉक कंपनीच्या सॉफ्टवेअरवर भिस्त असेल तर ब्लॉकमागे किमान ३० सेंटीमीटर स्वच्छ गिट्टी, तळाशी जाळीचा पाइप आणि वर मातीचं सील यांत काडीची तडजोड चालणार नाही, कारण त्याचं सगळं गणित या तिन्हींवर उभं आहे.

भूकंप आणि ग्रिड, थोडक्यात

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाआधी हा भाग नकाशावर सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता. नंतर लातूरकडचा भाग आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकात झोन ३ मध्ये आला, २०१६ च्या आवृत्तीत भूकंपाचा गुणांक ०.१६. परदेशी सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं. ते त्वरणाचा आकडा तुमच्याकडून मागतं आणि रकान्यात शून्य ठेवलं तर भूकंप नाही असंच समजून पुढे जातं.

ग्रिडचंही तसंच. कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या यादीत तिकडच्या ग्रिड असतात. ठेकेदार इथली आणतो. मग क्रीप (भाराखाली हळूहळू ताणलं जाणं), बसवताना होणारी इजा आणि टिकाऊपणा यांचे घटक इथल्या ग्रिडच्या कागदावरून घ्यावे लागतात. उदाहरणार्थ अंतिम ताकद ६० किलोन्यूटन, घटक १.६, १.२ आणि १.१ असले तर उरतात २८, आणि १.५ ने भागून डिझाइनला १९. नुसता ६० वाचून खूश होणारे पाहिलेत. आणि साइटवर ग्रिडचा रोल भिंतीच्या लांबीला समांतर उलगडला, तर एकाच दिशेची ताकद असलेली ती ग्रिड भिंतीच्या काहीच कामाची नाही. रोल भिंतीपासून मागे, काटकोनातच उलगडायचा.

मग कुठलं घ्यावं

मीटर-सव्वा मीटरची, ग्रिड नसलेली, सपाट जागेवरची भिंत असेल तर एक्सेलच. सॉफ्टवेअर शिकण्यात वेळ घालवू नका.

अडीच-तीन मीटरपर्यंत, खाली हार्ड मुरूम, वर सपाट जागा, आणि सॉफ्टवेअर ज्या ब्लॉकचं आहे तोच ब्लॉक साइटवर येणार असेल, तर कंपनीचं फुकटचं चांगलं. रिपोर्ट आणि ड्रॉइंग दोन्ही तयार निघतात. फक्त एकदा आपल्या एक्सेलमध्ये रँकिन लावून घ्या. ब्लॉक दुसऱ्याच कारखान्याचा असेल तर त्या सॉफ्टवेअरचा ग्रिड-ब्लॉक जोडणीचा हिशोब तुमच्या भिंतीचा राहत नाही, हे ध्यानात ठेवा.

खाली काळी, पायथ्याला नाला किंवा उतार, वरून येणारं पाणी, किंवा चार मीटरच्या वरची उंची असेल, तर पैसे घाला. वर्षातून एकच असं काम असेल तर लायसन्स घेण्यापेक्षा ज्याच्याकडे आहे त्याला फी देऊन करून घ्या. रस्त्याचं किंवा पुलाच्या अ‍ॅप्रोचचं काम असेल तर हिशोब इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१४ च्या आयआरसी एसपी १०२ प्रमाणे मागितला जातो, तिथे एनसीएमएचा रिपोर्ट पुढे करून उपयोग नाही.

अंबाजोगाईच्या पोराला तिसऱ्या दिवशी फोन केला. त्याच्या जागेत नालाही होता आणि काळीही. आधी मुरमाचं पोतं आणि काळीचा नमुना लॅबला पाठव म्हणालो, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत विकतच्या सॉफ्टवेअरचं ट्रायल व्हर्जन सुरूच करू नकोस. ट्रायलचे दिवस मोजके असतात, आणि लॅबवाले काही आपल्या घाईने रिपोर्ट देत नाहीत.