फ्रझेटाचं टाशनवालं आर्टबुक घ्यावं का?

फ्रँक फ्रझेटा म्हणजे अमेरिकन फँटसी चित्रकार, आणि टाशन म्हणजे त्याच्या चित्रांचं हे पुस्तक काढणारे प्रकाशक. सरळ सांगतो, कॉमिक्सचं नाहीतर फँटसी चित्रांचं वेड असेल तर घ्या, नुसतं टीपॉयवर मिरवायला हवं असेल तर एवढे पैसे घालू नका. पुस्तक अवाढव्य आहे, झोपून वाचणं विसरा, टेबलच लागतं. पण मजा त्या साइजचीच आहे. कोनान नावाच्या रानटी योद्ध्याच्या कथांच्या पुस्तकाचं १९६६ चं कव्हर बघा, प्रेतांच्या ढिगावर तलवार टेकवून उभा तो गडी आणि पायाला बिलगलेली बाई, पेपरबॅकवर हे तळहाताएवढं असायचं, इथे डोळे जवळ नेले की कळतं की खालचा ढीग म्हणजे बराचसा नुसते तपकिरी फराटे आहेत, हाड कुठलं आणि माती कुठली ते आपणच ठरवायचं, सगळी मेहनत छातीवर न् दंडावर. डेडलाइन अगदी गळ्याशी आली की चित्र उरकणारा माणूस हा, पण वेळ कुठे घालवायचा ते पक्कं ठाऊक!

लोक त्याला पेंटर म्हणून ओळखतात, खरं तर तो कॉमिक्समध्येच घडला. ब्रुकलिनचा, जन्म १९२८, पोरवयातच धंद्यात आला. बक रॉजर्स या अंतराळवीर नायकाच्या कॉमिक्सची कव्हरं केली, त्यातलं एक जास्तच हिंसक म्हणून नाकारलं गेलं, मग तेच थोडं बदलून १९५५ मध्ये ईसी या कॉमिक्सच्या प्रकाशकाने छापलं आणि आज त्याचीच पूजा चालते. पुढे कित्येक वर्षं अल कॅप या व्यंगचित्रकाराच्या वर्तमानपत्री कॉमिक स्ट्रिपवर, लिल अ‍ॅबनरवर राबला, नाव अर्थातच कॅपचं. नशीब फिरलं ते मॅड या विनोदी मासिकातल्या, बीटल्सवाल्या रिंगो स्टारच्या चित्रामुळे, ते बघून सिनेमाच्या पोस्टरचं काम आलं आणि त्यात पैसा.

मला आवडतं ते हे, की बाबा ओरिजिनल परत मागायचा, आणि छापून झाल्यावरही घरी बसून त्यावर ब्रश चालवायचा. इरी या भयकथांच्या कॉमिक मासिकाच्या कव्हरवरच्या इजिप्शियन राणीचा चेहरा असाच नंतर बदलला, आणि तेच चित्र २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरला गेलं. म्हातारपणी स्ट्रोकने उजवा हात गेला तर डाव्याने काढायला लागला, आता बोला.

तक्रार म्हणाल तर शाईतली कॉमिक्सची पानं मला अजून भरपूर हवी होती. आणि बायका जवळपास सगळ्या उघड्याच, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर वरच्या कप्प्यात ठेवा, अर्थात एवढं वजन पेलणारा कप्पा असेल तर.