सद्भावनेने केलेला दावा, फेटाळलेली सवलत आणि दंडाची नोटीस: एका करसल्लागाराच्या सेवेचे परीक्षण

प्लॉट विकून झालेल्या भांडवली नफ्यावर मी प्राप्तिकर कायदा, 1961 च्या कलम 54एफ खाली, म्हणजे विक्रीचे पैसे घरात गुंतवल्याबद्दलची, सवलत मागितली होती. विक्रीचे सगळे पैसे नव्या घरात गुंतवले होते, मात्र खरेदीखत एकट्या पत्नीच्या नावे झाले होते. निर्धारण अधिकाऱ्यांनी याच कारणावरून 24 लाख रुपयांची सवलत नाकारली आणि कर निर्धारण आदेशाबरोबरच उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल कलम 270ए खालील दंडाची नोटीसही पाठवली. विवरणपत्र भरण्यापासून या प्रकरणाचा शेवट होईपर्यंत ज्या सनदी लेखापाल बाईंनी माझे काम पाहिले, त्यांच्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. पुढे एक तक्रारही करायची असल्यामुळे त्यांचे नाव दिलेले नाही.

त्यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग नोटीस येण्याच्या कितीतरी आधी झाला होता, हे मला फार उशिरा कळले. विवरणपत्र भरतानाच त्यांनी दोन पानांचे टिपण तारीख घालून आणि सही करून फाईलला लावून ठेवले होते. पत्नीच्या नावे घेतलेल्या घरावर ही सवलत मिळते, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला आहे. उलट मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2008 मध्ये दत्तक मुलाच्या नावे घेतलेल्या घरासाठी ती नाकारली आहे. या दोन्ही निकालांची नोंद करून आपण पहिले मत का स्वीकारत आहोत आणि त्यात धोका काय आहे, हे त्या टिपणात स्पष्ट लिहिलेले होते. विवरणपत्राला कागद जोडता येत नाहीत, त्यामुळे छाननीची पहिली प्रश्नावली येताच त्यांनी खरेदीखत, पैसे कोणत्या खात्यातून गेले हे दाखवणारे बँकेचे उतारे आणि घर पत्नीच्या नावे असल्याचे स्पष्ट निवेदन, हे सगळे कोणी विचारण्याची वाट न पाहता प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर चढवले. त्या वेळी मला हा अतिरेक वाटला होता. पण कलम 270ए च्या पोटकलम 6 नुसार स्पष्टीकरण सद्भावनेचे आहे आणि त्याला आधार देणारी सर्व महत्त्वाची तथ्ये उघड केलेली आहेत, अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली तर ती रक्कम कमी दाखवलेल्या उत्पन्नात धरली जात नाही. नोटीस आल्यावर लिहिलेल्या पत्रापेक्षा त्या जुन्या, तारीखवार कागदांचे वजन अर्थातच जास्त होते.

नोटीस आल्यानंतर त्यांनी मला पहिल्यांदा आकडे समजावून सांगितले. नाकारलेल्या 24 लाखांवर 20 टक्के दराने, उपकर बाजूला ठेवून, 4,80,000 रुपये कर होता. उत्पन्न नुसते कमी दाखवले गेले असे ठरले तर दंड कराच्या 50 टक्के, म्हणजे 2,40,000 रुपये. पण ते चुकीची माहिती देऊन कमी दाखवले असे ठरले तर 200 टक्के, म्हणजे 9,60,000 रुपये. आदेशाच्या शेवटच्या ओळीत ‘चुकीची माहिती’ हे शब्द होते, परंतु पोटकलम 9 मध्ये दिलेल्या सहा प्रकारांपैकी नेमका कोणता प्रकार माझ्या हातून घडला, याचा उल्लेख कुठेही नव्हता. ही उणीव त्यांनी पहिल्याच वाचनात हेरली आणि 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने श्नायडर इलेक्ट्रिकच्या प्रकरणात अशाच संदिग्धतेवर दिलेला निर्णय उत्तरात नमूद केला.

रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्स प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल मला आधीपासून माहीत होता आणि मी त्याच्यावरच विसंबून होतो. कायद्यात न टिकणारा दावा केवळ केला, म्हणून चुकीचा तपशील दिला असे होत नाही, हे त्यातले सूत्र आहे. बाईंनी ते उत्तरात घेतले, पण मला खोट्या भरवशावर ठेवले नाही. तो निकाल दंडाच्या जुन्या कलम 271(1)(सी) वरचा आहे. 2017-18 या निर्धारण वर्षापासून लागू झालेल्या 270ए ची सुरुवात निर्धारित उत्पन्न आणि विवरणपत्रावर प्रक्रिया होऊन आलेले उत्पन्न यांतल्या फरकापासूनच होते, त्यामुळे आपला मुख्य आधार पोटकलम 6 हाच राहील, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. अशिलाला ऐकायला आवडेल तेवढेच सांगणारे सल्लागार मी पूर्वी अनुभवले आहेत, म्हणून या सरळपणाची मला विशेष किंमत वाटते. उत्तरही चारच पानांचे होते आणि त्यात एकही निकाल भरतीसाठी घातलेला नव्हता.

आता तक्रार. कलम 270एए खाली दंडातून माफी मिळू शकते. त्यासाठी मागणी नोटिशीत दिलेल्या मुदतीत कर आणि व्याज भरावे लागते, निर्धारण आदेशाविरुद्ध अपील करता येत नाही आणि आदेश ज्या महिन्यात मिळाला तो महिना संपल्यापासून एका महिन्यात फॉर्म 68 भरावा लागतो. मला आदेश 19 डिसेंबरला मिळाला. हा मार्ग उपलब्ध असल्याचे त्यांनी मला सांगितले ते 9 जानेवारीला, म्हणजे मागणी नोटिशीतल्या कर भरण्याच्या तीस दिवसांच्या मुदतीतले जेमतेम नऊ-दहा दिवस उरले असताना. तोपर्यंत आमची सगळी चर्चा अपिलाच्या दिशेनेच चालली होती. अपील करावे की माफी मागावी, हा निर्णय पैशांपुरता नसतो. माफी घेतली की आपला दावा बरोबर होता का, या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळत नाही. तो विचार मला दोन रात्रींत उरकावा लागला आणि मुदत ठेव मोडून पैसे उभे करावे लागले. दुसरी उणीव लहान आहे: दंडाच्या नोटिशीला द्यायचे उत्तर शेवटच्या दिवशी सायंकाळी पोर्टलवर चढवले गेले, आणि तोवर माझ्या जिवात जीव नव्हता.

मी माफीचा मार्ग निवडला. आदेशात ‘चुकीची माहिती’ हे शब्द राहिल्याने अर्ज फेटाळला जाण्याची भीती होती, कारण खरोखर चुकीची माहिती दिल्यावरून दंडाची कारवाई सुरू झाली असेल तर त्या वेळी ही माफी मिळत नव्हती. अर्जासोबत जोडलेल्या निवेदनात बाईंनी नेमका हाच मुद्दा मांडला: घर कोणाच्या नावे आहे हे आम्हीच पहिल्यांदा सांगितले, मग लपवले काय? अर्ज मंजूर झाला, दंड लागला नाही आणि त्याच कारणावरून खटला भरला जाण्याची टांगती तलवारही गेली. कर मात्र गेला, आणि तो देय नव्हता असे मला आजही मनापासून वाटते.

शुल्क त्यांनी छाननी आणि दंड अशा दोन टप्प्यांत, आधी लेखी सांगून घेतले आणि नंतर त्यात एक रुपयाही वाढवला नाही. ज्यांचा दावा खरोखरच मतभेदाचा आहे आणि जे सर्व कागद उघड करायला तयार आहेत, त्यांनी अशाच पद्धतीने काम करणारा सल्लागार शोधावा. मी माझे पुढचे काम त्यांच्याकडेच दिले आहे. या वेळी पहिल्याच भेटीत सर्व मुदतींचा तक्ता लेखी मागितला आणि त्यांनी तो त्याच दिवशी सायंकाळी पाठवला.