विजया तेलाचे सात महिने: नागिणीनंतरच्या दुखण्यावर माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वी मला डाव्या बरगडीवर नागीण उठली. फोड तीन आठवड्यांत सुकले, आग मात्र गेली नाही. ब्लाउजची कड घासली तरी तापलेलं उलथनं टेकवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वाराही सोसत नसे. विषाणूने नसच दुखावली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. नसांच्या दुखण्यावरचं औषध प्रीगाबालिन, ७५ मिलिग्रॅम, सकाळ-रात्र सुरू झालं. त्याने आग निम्म्यावर आली, पण दिवसभर डोकं जड आणि पावलांना सूज. अमिट्रिप्टिलिन या दुसऱ्या गोळीने तोंडाला कोरड पडायची, पोट साफ व्हायचं नाही, म्हणून डॉक्टरांनीच ते थांबवलं. त्वचा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्या लावल्या की थोडे तास बरे जायचे. रात्री दोननंतर झोप नाही. वय ६३.

अशात कुणीतरी भांगेच्या तेलाचं नाव काढलं आणि मी घाईने एक बाटली मागवली. महिनाभर सकाळ-संध्याकाळ चमचाभर घेतलं, काडीचा फरक नाही. नंतर कळलं की ते भांगेच्या बियांचं तेल होतं. २०२१ पासून आपल्याकडे ते खाद्यपदार्थ म्हणून विकता येतं, जवसाच्या तेलासारखं. दुखण्यावर काम करणारे भांगेतले टीएचसी (हाच गुंगी आणणारा) आणि सीबीडी हे घटक बियांत जवळजवळ नसतातच. बाटलीवर हिरवं पान छापलं होतं, पण हा फरक कुठेच लिहिलेला नव्हता. दुखण्याने जेरीला आलेल्या माणसाला असं गोंधळात टाकणं मला फार चुकीचं वाटतं. तुम्ही घेणार असाल तर लेबलवर ‘विजया’, म्हणजे भांगेचं आयुर्वेदातलं नाव, आणि ‘पत्र’, म्हणजे पान, हे शब्द आधी शोधा.

मग पानांच्या अर्काच्या विजया तेलासाठी एका वैद्यांकडे जायचं ठरवलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न कायद्याचा निघाला. आमचे हे म्हणाले, “या वयात पोलीस दारात नकोत.” वैद्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पानांपासून परवाना घेऊन केलेलं आयुर्वेदिक औषध वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतं. सरकारी औषध नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून ते देखरेखीखालीच घ्यायचं. जुन्या पद्धतीत पानं फडक्यात बांधून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, वाळवून गाईच्या तुपावर परततात, हेही त्यांनी सांगितलं. ते ऐकल्यावर ह्यांचा चेहरा जरा सैल झाला. चिठ्ठी घेऊन मी आधी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना न सांगता काही घ्यायचं नाही हे माझं ठरलेलं होतं, आणि ते बरंच झालं. प्रीगाबालिनची गुंगी आणि या तेलाची गुंगी एकात एक मिसळते. रक्त पातळ करायची गोळी चालू असती तर फारच जपावं लागलं असतं.

आता हिशेब, कारण इथेच बहुतेक जण फसतात. माझी बाटली ३० मिलीची, वर ‘१५०० मिलिग्रॅम’ लिहिलेलं. हा आकडा सगळ्या अर्काचा आहे, टीएचसीचा नाही. मी प्रयोगशाळेचा अहवाल मागून घेतला, त्यात टीएचसी ६०० मिलिग्रॅमच्या आसपास होतं. एका मिलीत साधारण २० थेंब, बाटलीत ६००, म्हणजे एका थेंबाला एक मिलिग्रॅम. हे कळल्याशिवाय थेंब मोजण्यात अर्थ नाही. अहवाल द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी घेणार नाही.

वैद्यांनी रात्री दोन थेंबांवर सुरुवात केली आणि दर चार दिवसांनी एकेक वाढवत सहावर आणलं. ओट्यावरच्या दिव्याखाली आरसा धरून थेंब जिभेखाली सोडायचे आणि दीड-दोन मिनिटं गिळायचं नाही. चव कुटलेल्या गवतासारखी, मागून कडवट. पहिले दहा दिवस काहीच नाही. चौथ्या थेंबावर पहिल्यांदा सलग पाच तास झोपले.

आग गेलेली नाही, हे स्पष्ट लिहिते. ती आहे, पण तिच्याकडे सारखं लक्ष जात नाही. वहीत रोज दुखण्याचा दहापैकी आकडा लिहिते. आधी सात-आठ असायचे, तिसऱ्या महिन्यापासून चार-पाच.

एक रात्र मात्र वाईट गेली. दुसऱ्याच महिन्यात जेवणाबरोबर चुकून थेंब गिळले. तासभर काही वाटेना, म्हणून पुन्हा सहा घेतले. पोटातून गेलेलं औषध उशिरा चढतं आणि यकृतातून जाताना त्याचा जोर वाढतो, हे मला ठाऊक नव्हतं. छाती धडधडायला लागली, भिंत लांब गेल्यासारखी वाटली, तोंड लाकडासारखं कोरडं. मुलाने डॉक्टरांना फोन लावला आणि पहाटेपर्यंत हात धरून बसला, “आई, मी आहे इथेच,” म्हणत. तेव्हापासून ड्रॉपर ह्यांच्या हातात असतो. काही वाटलं नाही म्हणून पुन्हा घ्यायचं नाही, हा घरचा नियम.

मार्चमध्ये मुलीकडे दुबईला तीन आठवडे गेले. बाटली इथेच ठेवली. तिथला कायदा फार कडक आहे, आपली चिठ्ठी तिथे उपयोगाची नाही. पहिल्या तीन-चार रात्री झोप उडाली, चित्रविचित्र स्वप्नं पडली. दुसऱ्या आठवड्यात वहीत पुन्हा सात दिसायला लागले. परत येऊन सुरू केल्यावर दहा-बारा दिवसांत पाचवर आले. हे निव्वळ मनाचे खेळ आहेत का, ही माझी शंका त्या तीन आठवड्यांनी बरीचशी फिटली.

बाटलीला मी अडीच हजार मोजते, तीन महिन्यांहून थोडी जास्त पुरते. सकाळी उठल्यावर जरा तोल जातो, म्हणून पाच मिनिटं पलंगाच्या कडेला बसून मगच उठते. स्कूटी मी बंद केली आहे. डॉक्टरांनी एप्रिलपासून प्रीगाबालिन हळूहळू कमी करत फक्त रात्रीच्या ७५ वर आणलंय. स्वतःहून ती गोळी मी कधीच तोडली नसती. पावलांची सूज उतरली.

गेल्या रविवारी भाचीच्या डोहाळजेवणाला नारायणपेठ नेसले, ब्लाउज अस्तराचा. दुपारभर बसले. घरी आल्यावर वहीत पाच लिहिलं.