‘तुमची चिप उडाली, साहेब’

आमची गाडी २०११ सालची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नाही. थोडा माझा आणि बाकी सगळा त्या चावीवाल्याचा. गाडी घेतली तेव्हा दोन चाव्या मिळाल्या होत्या. एक रिमोटवाली, एक साधी, बिनबटणाची. गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दिवशी सजावट आवरता आवरता रिमोटवाली कुठेतरी गेली. घर पालथं घातलं, पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन फिरलो, वॉचमनला विचारलं. नाहीच.

कपाटातल्या साध्या चावीने गाडी पहिल्या झटक्यात सुरू होत होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं सगळं नाटक याच चावीवर झालं.

सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं, तर आरसी बुक, ओळखपत्र, चावीसोबत आलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावरचा नंबर, ९,२०० रुपये आणि पंधरा-वीस दिवस. जुन्या गाडीच्या रिमोटला एवढे? मग मोबाइलवर शोधून एकाला फोन लावला. ‘२,५०० मध्ये ओरिजिनल रिमोट, घरी येऊन, एका तासात.’ एवढ्या गोड बोलण्याने माणूस सावध व्हायला हवा. मी खूश झालो.

तो आला, लॅपटॉप घेऊन. गोड मुलगा, वयाने माझ्या पुतण्याएवढा. साधी चावी मागून घेतली, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली आणि म्हणाला, ‘साहेब, वेळ लागेल, तुम्ही उन्हात कशाला उभे?’ मी चहा आणायला वर गेलो. वीस मिनिटं गेली असतील. खाली आलो तर चेहरा पाडून बसलेला. चावी फिरवून दाखवली. इंजिन घरघरलं, पेटलं आणि लगेच बंद. डॅशबोर्डवर चावीच्या आकाराचा दिवा टिमटिमत होता.

‘तुमची चिप उडाली, साहेब. जुनी होती, वीक झालेली. नशीब, घरीच कळलं. घाटात झाली असती तर?’

घाट म्हटल्यावर मी गार. नवी चिपची चावी ४,५००, ‘ईसीयू रीसेट’ (ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर) १,८००, रिमोट २,५००. एकूण ८,८००. यूपीआयने दिले. बिल मागितलं तर ‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो’. ते आजतागायत आलेलं नाही. सर्व्हिस सेंटरपेक्षा ४०० रुपये वाचवले, असं बायको अजूनही पाहुण्यांसमोर सांगते.

महिनाभर गाडी चालली. मागचा डावा दरवाजा कधी लॉक व्हायचा, कधी नाही. जुनी गाडी म्हणून सोडून दिलं.

दिवाळीत दिव्यांच्या माळांचा खोका माळ्यावरून काढला आणि गुंत्यात अडकलेली रिमोटवाली चावी खाली पडली! खाली जाऊन गंमत म्हणून बटण दाबलं, तर गाडीचे चारही दरवाजे उघडले. आधी आनंद झाला, मग पोटात गोळा आला. नवा रिमोट बसवला ना? सिस्टिम रीसेट केली ना? मग हरवलेला रिमोट अजून चालतो कसा? म्हणजे ही चावी रस्त्यावर कुणाला सापडली असती, तर महिनाभर तो माझी गाडी बटण दाबून उघडू शकला असता. आत बसून चावी फिरवली. इंजिन पेटलं आणि बंद. तोच टिमटिमणारा दिवा. कपाटातल्या चावीची चिप म्हणे वीक होऊन उडाली. मग महिनाभर माळ्यावर पडलेल्या चावीची चिप त्याच दिवशी कशी उडाली?

नाना पेठेतल्या एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्याने स्कॅनर लावला आणि मला पडदा दाखवला: नोंदलेल्या चाव्या, एक. ‘तुमच्या दोन्ही चाव्या मेमरीतून पुसल्यात. चिप ठणठणीत आहेत.’

मग त्याने जे समजावलं ते मला आधी माहीत असतं, तर चहासुद्धा पाजला नसता. चावीत तीन गोष्टी असतात. पातं कुलूप फिरवतं. मुठीत बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही; इग्निशनभोवतीच्या रिंगमधून तिला वीज मिळते, ती आपला नंबर सांगते आणि तो ओळखीचा असला तरच इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) इंजिन चालू ठेवू देतो. तिसरा रिमोट. त्याचा संबंध फक्त दरवाज्यांशी, आणि सेल लागतो तो त्यालाच. आमच्या गाडीत रिमोट आणि चिप यांची नोंद वेगवेगळी आहे. मला हवा होता फक्त रिमोट. चिपच्या खात्याला हात लावायचं कारणच नव्हतं. बऱ्याच गाड्यांत नवी चावी नोंदवताना त्या वेळी समोर नसलेल्या चाव्या पुसल्या जातात. एरवी ही सोय चांगलीच, कारण हरवलेली चावी बाद होते. पण माझी साधी चावी तर त्याच्या हातात होती. ती नोंदवली नाही, म्हणून ‘उडाली’.

रिमोटचं तर विचारूच नका. ड्रायव्हरच्या पायापाशी पॅनेलमागे बाजारू सेंट्रल लॉकिंग किटचा डबा लोंबत होता. गाडीच्या वायरी सोलून, पिळून, वर काळी टेप. डाव्या दरवाज्याचं दुखणं तिथलंच. ओरिजिनल म्हणून दिलेल्या रिमोटवरचा कंपनीचा लोगो इलेक्ट्रिशियनने नखाने उचकटून दाखवला. गाडीचा मूळ रिसीव्हर जागच्या जागी होता, म्हणून तर हरवलेला रिमोट इमानेइतबारे चालत होता.

किट काढलं, वायरी नीट केल्या, माझ्या दोन्ही चाव्या पुन्हा नोंदवल्या आणि त्या पोराची चावी पुसली, कारण तिची आणखी एखादी नक्कल कुणाकडे आहे की नाही हे कोण सांगणार? पाऊण तास, १,२०० रुपये, पक्कं बिल. जाताना तो एवढंच म्हणाला की कुणी लॅपटॉप लावण्याआधी आपल्या चावीने गाडी सुरू करून मोबाइलवर शूट करून ठेवायची आणि चाव्यांचा आकडा आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पडद्यावर बघायचा. खरं काम करणारा दाखवायला नाही म्हणत नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. बिल नाही, फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट, आणि त्यावर नाव भलत्याच माणसाचं. अजून काही हाती लागलेलं नाही. शिवाय विमावाल्या मित्राने वेगळीच धास्ती घातली: गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि त्या नसतील तर क्लेम अडकतो. म्हणजे चावी हरवल्या दिवशी पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करायला हवी होती. मी तीही केली नव्हती.

त्या मुलाला चार वेळा फोन लावला. तीन वेळा ‘गावाला आहे’. चौथ्यांदा मी थेट विचारलं की हरवलेल्या रिमोटने गाडी उघडतेच कशी. तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘मग चांगलंच झालं की साहेब, आता तुमच्याकडे दोन रिमोट झाले!’