परावर्तक कोटिंग: ॲक्रिलिक, सिलिकॉन, पॉलीयुरेथेन की नुसता चुना?

छतावर परावर्तक कोटिंग करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो: खोली किती थंड होईल? प्रश्न चुकीचा नाही, पण छत जास्त वर्षं टिकवायचं असेल तर त्याचा नंबर दुसरा. आधी हे बघा की पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावरही छतावर कुठे पाणी साचलेलं राहतं का. निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

छत म्हातारं होतं ते तीन गोष्टींनी. उन्हातले अतिनील किरण डांबर, रबर, प्लास्टिक यांना कडक आणि ठिसूळ करतात. दुसरं म्हणजे रोजचं तापणं आणि निवणं. काँक्रीट दर मीटरला, दर अंशाला साधारण १० मायक्रॉन पसरतं. १० मीटर लांबीचा स्लॅब दिवसात सरासरी २० अंशांनी तापला तर तो २ मिलिमीटर लांबायला बघतो आणि रात्री पुन्हा आखडतो. हा खेळ रोज चालतो, म्हणून कठड्याच्या सांध्यात आणि पाइपाच्या भोवती पहिले तडे जातात. तिसरं पाणी, जे त्या तड्यांतून आत शिरून सळीपर्यंत पोचतं. भर उन्हात गडद छताचा पृष्ठभाग ६५ अंशांच्याही वर जातो. परावर्तक लेप असेल तर तो २५ ते ३० अंशांनी थंड राहू शकतो. छताचं आयुष्य वाढतं ते मुख्यतः यामुळे.

म्हणूनच आतून फॉल्स सीलिंग किंवा थर्माकोल लावणं हा याला पर्याय नाही. त्यानं खालच्या माणसाला आराम मिळतो, पण स्लॅब वरून तसाच भाजत राहतो. दोन्ही करायचं असेल तर आधी वरचं करा.

डब्यावर सहसा एकच आकडा ठळक असतो, परावर्तनाचा. चांगला पांढरा लेप नवा असताना ८० ते ८५ टक्के ऊन परत फेकतो, तर उघडं करडं काँक्रीट जेमतेम पाव ते एक तृतीयांश. पण शोषलेली उष्णता पृष्ठभाग किती सहज बाहेर सोडतो, हा दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. नवा चकचकीत जस्ती पत्रा ऊन बरंच परत फेकतो, तरी हात लावला तर चटका बसतो, कारण घेतलेली उष्णता तो बाहेर सोडत नाही. पांढरे लेप जवळजवळ ९० टक्के क्षमतेनं सोडतात. या दोन्हींचा मिळून एसआरआय हा निर्देशांक निघतो. त्यात प्रमाण काळ्या पृष्ठभागाला ० आणि प्रमाण पांढऱ्याला १०० धरतात. आणि आकडा कुठलाही असो, तो नव्या लेपाचा की मुरलेल्या लेपाचा, हे विचाराच. धूळ आणि शेवाळ बसून परावर्तन पहिल्या दोन-तीन वर्षांत चांगलंच उतरतं. अमेरिकेतली कूल रूफ रेटिंग कौन्सिल नव्या आकड्याबरोबर तीन वर्षं उघड्यावर ठेवलेल्या नमुन्याचा आकडाही जाहीर करते, तो यासाठीच.

आता प्रत्यक्ष पर्याय.

ॲक्रिलिक इलॅस्टोमेरिक हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार. पाण्यावर आधारित, त्यामुळे वास कमी, ब्रश-रोलर पाण्यात धुता येतात, आणि लवचिक असल्यानं बारीक भेगा पेलतो. पांढरेपणाही बऱ्यापैकी टिकतो. काही वर्षांनी त्याच्यावरच पुन्हा हात मारता येतो, ही याची खरी जमेची बाजू. वैरी एकच, साचलेलं पाणी. तळं राहिलेल्या जागी हा लेप मऊ पडतो, फुगतो आणि पापुद्रे सुटतात. लावल्यावर काही तासांत पाऊस आला तर ओला थर धुऊनही जातो.

सिलिकॉन नेमका तिथे उभा राहतो. साचलेल्या पाण्यानं त्याचं काही बिघडत नाही, अतिनील किरणांनाही तो दाद देत नाही, आणि हवेतल्या ओलाव्यावर सुकत असल्यानं ढगाळ दिवसांत काम अडत नाही. मग सगळेच का लावत नाहीत? महाग आहे, हे एक. धूळ चिकटते, त्यामुळे ॲक्रिलिकपेक्षा लवकर काळवंडतो. ओला झाला की पाय घसरतो, म्हणजे कपडे वाळत घालायच्या गच्चीवर धोका. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की त्याच्यावर सिलिकॉनशिवाय जवळजवळ काहीच धरत नाही. आज लावलात की पुढच्या प्रत्येक वेळेसाठी तुमची निवड ठरून गेली.

माझं मत विचाराल तर पाणी साचतं म्हणून थेट सिलिकॉनकडे वळू नका. आधी उतार दुरुस्त करता येतो का, पाइपाचं तोंड तुंबलंय का, ते बघा. कित्येकदा तळ्याचं कारण एवढंच असतं. ते जमणारच नसेल तर मग सिलिकॉन.

पॉलीयुरेथेन चिवट. गच्चीवर सतत ये-जा असेल, कुंड्या सरकवल्या जात असतील, तर बाकीचे लेप घासून जातात आणि हा टिकतो. यात दोन जाती आहेत. ॲरोमॅटिक स्वस्त, पण उन्हात पिवळा पडतो, म्हणून तो खालच्या थराला. वर ॲलिफॅटिकच हवा. कोटेशनमध्ये नुसतं ‘पीयू’ लिहिलं असेल तर कोणता, हे लिहून घ्या. लावताना वास उग्र येतो आणि त्यातली आयसोसायनेट रसायनं श्वसनाला घातक असतात. योग्य मास्कशिवाय हे काम कुणालाही करू देऊ नका, स्वतःही नको.

चंदेरी ॲल्युमिनियम लेप मुख्यतः डांबरी शीटसाठी. तो डांबराला उन्हापासून वाचवतो, पण पांढऱ्याइतकं परावर्तन देत नाही आणि उष्णताही कमी सोडतो. स्लॅबवर तो लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

राहिला चुना. नवा असताना ऊन छान परत फेकतो आणि खर्च नगण्य. पण तो पाणी अडवत नाही, भेग पेलत नाही, आणि पावसात वाहून जातो. एका उन्हाळ्यापुरता उत्तम. मात्र नंतर कोटिंग करायचं असेल तर तो खरवडून पूर्ण काढावा लागतो, कारण भुकटीवर लेप धरत नाही. छतावरून तळहात फिरवा. पांढरी पूड लागली तर अजून घासायचं बाकी आहे.

छत कशाचं आहे यानंही उत्तर बदलतं. नव्या स्लॅबला निदान २८ दिवस द्या. जुन्या स्लॅबवर साधारण दीड फुटी प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर, निदान १६ तास, ठेवा. खालून दव दिसलं किंवा काँक्रीट गडद झालं तर आत ओल आहे, आणि तिच्यावर लेप चढवलात तर उन्हात वाफ होऊन फुगे येतील. पत्र्यावर गंज काढून गंजरोधक प्रायमर, आणि स्क्रू व जोड आधी सील, कारण पत्रा गळतो तो तिथूनच. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते तारेच्या ब्रशनं घासणं किंवा जोराच्या पाण्यानं धुणं म्हणजे घातक तंतू हवेत सोडणं. हे घरच्या घरी करायचं काम नाही. कौलांवर सहसा लेप नकोच. दोन कौलांमधल्या फटी बुजल्या की आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही.

जिथे वर्षातले बरेच महिने घर गरम करावं लागतं तिथे हिशेब उलटतो, कारण हिवाळ्यातलं फुकटचं ऊनही परत जातं. आणि ज्या स्लॅबची सळी फुगून खालचं प्लास्टर पडतंय, त्याला कुठलंच कोटिंग वाचवणार नाही. तिथे आधी काँक्रीटची दुरुस्ती.

दोन कोटेशनं समोर आली की ‘दोन हात’, ‘तीन हात’ यावर तुलना करू नका. सुकल्यानंतरची जाडी विचारा. एक चौरस मीटरवर एक लिटर पसरलं की ओला थर बरोबर १ मिलिमीटर होतो. डब्यातला निम्मा भाग पाणी असेल, जसं ॲक्रिलिकमध्ये साधारण असतं, तर सुकून अर्धा मिलिमीटर उरतो. सिलिकॉनमध्ये बहुतेक सगळा भाग शिल्लक राहतो, म्हणून लिटरमागे तो महाग वाटला तरी मिलिमीटरमागे फरक तितका मोठा नसतो. १०० चौरस मीटरला १०० लिटर ठरले असतील, तर काम संपल्यावर २० लिटरच्या पाच रिकाम्या बादल्या दिसल्या पाहिजेत. तीनच दिसल्या तर उरलेल्या जागी पाणी घातलंय किंवा थर पातळ ओढलाय. पैसे चुकते करण्याआधी ते विचारा.